दुखापतीचं चित्रीकरण: कोर्टाची कामं करणाऱ्या व्हिडिओवाल्यांसाठी

लग्नसराई संपली की आपल्याकडच्या बऱ्याच व्हिडिओवाल्यांचा आधार म्हणजे कोर्ट-कचेरीची कामं. शेताची मोजणी, कोर्ट कमिशनरची पाहणी, थकीत कर्जापोटी बँक घेते तो ताबा, रस्त्यासाठीच्या भूसंपादनाची संयुक्त मोजणी. छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड इथं अशी कामं नेमानं करणारी माणसं आहेत. कॅमेरा कोणाच्या बाजूनं बोलता कामा नये, हे त्यांना कळतं. या लोकांनी हाती घ्यावं असं आणखी एक काम आहे: अपघातात जायबंदी झालेल्या माणसाचं रोजचं जगणं नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी चित्रित करणं. मराठवाड्याला या कामाची गरज आहे. पण ते लग्नाच्या शूटिंगसारखं केलं, तर ज्याचं भलं करायला गेलो त्याचंच नुकसान होतं. म्हणून हे प्रकरण मुळापासून समजून घेऊ.

रस्ते अपघाताचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. वकील त्याला सरळ ‘क्लेम’ म्हणतात. जखमी माणूस सिव्हिलला किंवा घाटीत, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात जातो, डॉक्टर तपासतात आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं. त्यावर टक्का असतो, समजा ४० टक्के. तो शरीराचा टक्का झाला. न्यायाधिकरणाला ठरवायचं असतं ते वेगळंच: या माणसाची कमाईची ताकद किती गेली?

हा फरक सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली निकाली काढलेल्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात नीट उलगडून सांगितला आहे. डावा हात गेला तर वैद्यकीय अपंगत्व साधारण ६० टक्के धरलं जाईल. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल, तर त्याची कमाई जवळपास शंभर टक्के बुडाली. तोच सरकारी कचेरीतला कारकून असेल, तर त्याची नोकरी कदाचित जाणारही नाही. जखम एकच आणि नुकसान अगदी वेगळं. म्हणून न्यायाधिकरणानं आधी पाहायचं की अपघातापूर्वी हा माणूस काय करत होता, आता त्यातलं काय करू शकतो, आणि दुसरं एखादं काम करून पोट भरू शकतो का.

पैशात हे किती होतं ते बघा. समजा ३२ वर्षांचा मजूर आहे आणि महिन्याची कमाई १५,००० रुपये धरली. वर्षाचे झाले १,८०,०००. स्वतःच्या कष्टावर जगणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसासाठी पुढच्या वाढीचे ४० टक्के धरतात, म्हणजे २,५२,०००. त्याच्या वयाला गुणक १६ लागतो, म्हणजे वर्षाची कमाई सोळापट धरायची; ही रक्कम झाली ४०,३२,०००. आता न्यायाधिकरणानं डॉक्टरांचाच ४० टक्के आकडा उचलला, तर कमाईच्या नुकसानीपोटी १६,१२,८०० रुपये मिळतील. कमाईची ताकद ७० टक्के गेली असं मानलं, तर २८,२२,४००. फरक बारा लाखांच्या वर. हा फरक ज्या पुराव्यावर ठरतो तो आपल्याकडच्या फाइलींमध्ये बहुधा दोन ओळींचा असतो: ‘अर्जदार पूर्वीप्रमाणे काम करू शकत नाही.’ प्रत्येक अर्जात हेच वाक्य असतं, त्यामुळे ते वाचून कोणालाच काही दिसत नाही. व्हिडिओचं काम नेमकं इथं आहे. डॉक्टरांचा टक्का आणि माणसाचं काम यांच्यामधली मोकळी जागा त्यानं भरायची.

आपल्या भागात ही जागा फार मोठी आहे. बीड, परभणी, जालन्याचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ट्रॅक्टर-ट्रॉली उलटते, रस्त्याकडेला उभ्या ट्रॉलीवर मागून गाडी आदळते. अपघात सांगली-कोल्हापूरकडे झाला तरी दावा जखमी जिथं राहतो तिथल्या न्यायाधिकरणात दाखल करायची मुभा मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये आहे. म्हणजे प्रकरण येतं आपल्याच जिल्ह्यात. आता ऊसतोड्याचा उजवा हात दुखावला म्हणजे काय झालं, हे कागदावर कसं मांडणार? कोयता चालवणं हे झालं एक. पाचट काढणं, मोळी बांधणं, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणं हे सगळं त्यात आलं. त्यातून मजुरी मिळते ती ‘कोयत्याला’, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. एकाचा हात गेला की जोडीच मोडते आणि मुकादमाची उचल मात्र अंगावर राहते. टक्क्याच्या कागदावर यातलं एक अक्षर नसतं. बायकोची बुडालेली मजुरी दाव्यात वेगळी मिळेल असं नाही, पण ते काम दोन धडधाकट माणसांशिवाय होत नाही हे दिसलं, तर एका हातानं ते का जमणार नाही हे सांगावं लागत नाही.

अमेरिकेत वकिलांसाठी साक्षीदारांच्या जबान्या चित्रित करणाऱ्या स्टुडिओंचं हे जुनं काम आहे. ‘डे इन द लाइफ’ या नावानं ते चालतं, म्हणजे जखमी माणसाचा एक दिवस. तिथं भरपाईचा आकडा बऱ्याचदा ज्युरी ठरवते, म्हणजे सामान्य नागरिक. एखादी फिल्म ज्युरीच्या भावना नाहक भडकवते असं वाटलं, तर न्यायाधीश ती बाजूला ठेवू शकतात. आपल्याकडे ज्युरी नाही. फाइल वाचणारे एक न्यायाधीश असतात. अशा शेकडो फाइली त्यांच्या हाताखालून गेलेल्या असतात आणि विमा कंपनीचे वकील समोर बसलेले असतात. तिथल्या नमुन्याच्या फिल्म पाहून तशाच इथं बनवू नका. न्यायाधीशांना रडवायचं नाही, त्यांना एक माहिती द्यायची आहे.

शूटिंग कसं करायचं

एकच प्रसंग घेऊ. उजव्या हाताची पकड गेलेला माणूस सकाळी शर्ट घालतोय. कॅमेरा ट्रायपॉडवर, छातीच्या उंचीला. चौकटीत माणूस पूर्ण दिसतो आणि मागच्या भिंतीवरचं घड्याळही. कॅमेरा सुरू केला की हात काढून घ्यायचा. तो डाव्या हातानं बाही ओढतो, उजवा हात त्यात सरकवायला खांदा झुकवतो. पहिलं बटण काजाशी नेतो, डाव्या अंगठ्यानं ढकलतो, कडा निसटते. कापड ताणून धरायला दुसरा हात लागतो आणि तोच हात नाही, म्हणून तो शर्टाची कड दातात धरतो. दोन बटणं लागतात. तिसऱ्याला बायको आतून येते आणि न बोलता बाकीची लावते. घड्याळाचा काटा किती पुढं गेला ते चौकटीतच दिसतंय. बस, इतकंच. हा तुकडा कापायचा नाही, वेगानं पळवायचा नाही, बोटांचा क्लोजअप घेऊन मध्ये घालायचा नाही. संगीत नको, निवेदन नको. माणूस ‘आई गं’ म्हणाला तर ते राहू द्यावं, पण तुम्ही ‘दुखतंय का?’ असं विचारून ते वदवून घेऊ नये. त्याला काय सांगायचंय ते त्यानं साक्षीच्या पिंजऱ्यात शपथेवर सांगायचं असतं. तुमच्या फिल्ममध्ये सांगितलं तर समोरचा वकील पहिला आक्षेप त्यावरच घेईल.

लग्नाच्या कामात हात बसलेल्या माणसाला हे फार जड जातं. लांबलेला शॉट त्याला चूक वाटतो. इथं तो वेळच पुरावा आहे. चार मिनिटांचं काम चाळीस सेकंदांचं केलंत, तर त्या माणसाचं नुकसान तुम्हीच पुसून टाकलंत.

आणि जे जमतं तेही दाखवायचं. तो चालू शकत असेल तर चालताना दाखवा. डाव्या हातानं भाकरी मोडून खात असेल, मोबाइल वापरत असेल, तर तेही घ्या. वकिलांना कधी कधी हे पटत नाही. पण विमा कंपनीनं गावातून कोणाकडून त्याचा बाजारात पिशवी धरलेला फोटो मिळवला आणि तुमच्या फिल्ममध्ये तो दिवसभर खाटेवरच पडलेला असेल, तर फिल्म गेलीच आणि माणसाची बाकीची साक्षही संशयात आली. जमतं ते आणि जमत नाही ते दोन्ही दाखवणारी फिल्म उलटतपासणीत टिकते.

काम करून दाखव म्हणून त्याला उसाच्या फडात उभं करू नका, प्लास्टर काढलेल्या पायानं शिडी चढायला लावू नका. डॉक्टरांनी करू दिलेल्या हालचालीच घ्यायच्या. पकड दाखवायला दोरीची गाठ पुरते, बादली उचलणं पुरतं. पूर्वीचं काम कसं होतं ते हवं असेल, तर तेच काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाचं चित्रीकरण वेगळ्या फाइलमध्ये, तो दुसरा माणूस आहे हे स्पष्ट सांगून घ्यावं.

एका भेटीत हे काम संपत नाही. दवाखान्यातली अवस्था, घरी आल्यानंतरचे पहिले महिने आणि डॉक्टर ‘आता यापुढे फारशी सुधारणा नाही’ म्हणतात तो टप्पा, असे निदान तीन टप्पे हवेत. भरपाई ठरते ती मुख्यतः शेवटच्या टप्प्यावर, पण वेदना आणि उपचाराच्या काळासाठी आधीचे टप्पे लागतात. वॉर्डात शूटिंग करायचं तर दवाखान्याची लेखी परवानगी घ्यावी आणि शेजारच्या खाटेवरचा रुग्ण चौकटीत येऊ देऊ नये.

ज्याला दुसऱ्याच्या आधाराशिवाय जगताच येत नाही त्याच्या प्रकरणात व्हिडिओचं मोल सर्वांत जास्त. काजल विरुद्ध जगदीशचंद या २०२० च्या निकालात अपघातात पूर्ण परावलंबी झालेल्या मुलीसाठी सर्वोच्च न्यायालयानं मदतनिसाचा खर्चही गुणक लावून दिला. चोवीस तासांसाठी दोन मदतनीस, प्रत्येकी महिना ५,०००, म्हणजे वर्षाचे १,२०,०००, गुणक १८, एकूण २१,६०,००० रुपये. आपल्याकडे हे मदतनिसाचं काम आई करते, बायको करते, थोरली मुलगी शाळा सोडून करते. त्याचा पगार नसतो म्हणून ते कोणी मोजत नाही. रात्री दर दोन तासांनी कूस बदलून देणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून पुसणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, घास बारीक करून भरवणं. अशा घरी कॅमेरा रुग्णाइतकाच त्या बाईच्या हातांवर ठेवा. रात्रीचं चित्रीकरण करायला कोणी तयार नसतं, पण ते केलंच पाहिजे. एक मदतनीस पुरेल की दोन लागतील, हे रात्रच सांगते.

सगळ्याच प्रकरणांत मात्र याची गरज नसते. वाळूजच्या कारखान्यात प्रेस मशीनवर अंगठा गेला आणि दावा कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ खाली असेल (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली), तर त्या कायद्याच्या तक्त्यातच अंगठ्याचे ३० टक्के लिहिलेले आहेत. तिथं बहुधा फिल्मशिवाय भागतं. तक्त्याबाहेरची दुखापत असेल, किंवा माणूस अशा पेशातला असेल की तक्त्याचा आकडा त्याच्या बाबतीत खोटा ठरतो, तरच काम घ्यावं. प्रतापनारायण सिंह देव यांच्या प्रकरणात १९७५ च्या निकालात डावा हात गमावलेल्या सुताराचं अपंगत्व सर्वोच्च न्यायालयानं पूर्ण मानलं होतं. पण गरज नसताना गरीब माणसाच्या खिशातून शूटिंगचा खर्च काढणं बरोबर नाही. वकिलांना तसं तोंडावर सांगा, पुढची दहा कामं त्यामुळेच मिळतील.

लाज आणि संमती

आंघोळ आणि संडास या गोष्टी दाव्यात महत्त्वाच्या असतात, आणि म्हणूनच इथं कॅमेऱ्यानं मर्यादा पाळायची. दोघांनी उचलून न्हाणीच्या दारापर्यंत नेलं, दार लोटलं, किती वेळानं बाहेर आणलं. एवढ्यानं मुद्दा सिद्ध होतो. दाराच्या आत जायचं कारण नाही. बाई जखमी असेल तर कॅमेरा बाईच्याच हातात हवा, त्यामुळे हे काम वाढवायचं असेल तर एखादी मुलगी टीममध्ये तयार करा. नंतर कधी तरी बघू म्हणून ते टाळू नका.

संमतीपत्र मराठीत, साध्या भाषेत लिहा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा आणि तसं साक्षीदारासमोर लिहून घ्या. अल्पवयीन मुलासाठी पालकांची सही. ‘थांबा’ म्हटलं की शूटिंग थांबेल, हे त्यात असावं आणि प्रत्यक्षातही पाळावं. या फिल्मचा एक सेकंदही इन्स्टाग्रामवर जाता कामा नये. नवीन वकिलाला नमुना म्हणूनही ती दाखवू नये. नमुना हवा असेल तर ओळखीच्या धडधाकट माणसाचा हात पट्टीनं बांधून पद्धत दाखवणारी वेगळी क्लिप बनवा. त्या घरानं आपली सर्वांत अगतिक घडी तुमच्यासमोर उघडी केलेली असते. ती तुमच्या जाहिरातीसाठी नाही.

फाइल कोर्टात टिकली पाहिजे

देशभरात इलेक्ट्रॉनिक पुराव्याची चर्चा ज्या निकालावरून होते तो आपल्या जालन्याचा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल यांनी आव्हान दिलं. उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतला गेला, हा मुद्दा होता, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतलं व्हिडिओ चित्रीकरण. त्याच्या सीडी मिळाल्या, पण प्रत कोणत्या उपकरणातून आणि कशी निघाली हे सांगणारं, कायद्याला लागणारं प्रमाणपत्र मागूनही मिळेना. औरंगाबाद खंडपीठानं २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० रोजी तो निर्णय कायम ठेवला आणि कायदा स्पष्ट केला: मूळ उपकरण कोर्टात आणलं नसेल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतंच. सर्व प्रयत्न करूनही संबंधित अधिकारी ते देत नसतील, तरच सूट. कॅमेरा तुमचा आणि फाइलही तुमचीच, त्यामुळे ही सूट तुमच्या कामाची नाही.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब ची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नं घेतली. प्रमाणपत्राचा नमुना कायद्यातच दिलाय आणि त्याचे दोन भाग आहेत: एक पक्षकाराच्या बाजूनं भरायचा आणि दुसरा तज्ज्ञानं. दोन्हीत फाइलचा हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. सॉफ्टवेअर संपूर्ण फाइल वाचून अंक-अक्षरांची एक ओळ काढतं. त्याच फाइलचा हॅश पुन्हा काढला तर तीच ओळ येते. मधली एक फ्रेम जरी बदलली तरी ओळ पार वेगळी येते. म्हणून दोन वर्षांनी कोणी ‘यात फेरफार केलाय’ म्हणालं, तर कोर्टापुढे हॅश पुन्हा काढून दाखवता येतो.

यातून रोजच्या कामाची शिस्त ठरते. शूटिंगला निघण्यापूर्वी कॅमेऱ्याची तारीख-वेळ बरोबर आहे का बघा. बॅटरी संपल्यावर ती पार मागं गेलेली असते आणि लग्नात कोणी ते पाहत नाही. प्रत्येक दाव्याला नवीन मेमरी कार्ड घ्या आणि ते पुन्हा वापरू नका. कॉपी झाल्यावर पाकिटात बंद करा, त्यावर तारीख टाका, सही करा. मूळ कार्ड हातात असणं ही सर्वांत भक्कम बाजू. घरी पोहोचताच, एडिटिंगला हात लावायच्या आधी, कच्च्या फाइलींचा हॅश काढून लिहून ठेवा. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती ठेवा. वकिलांना व्हॉट्सअ‍ॅपवरून व्हिडिओ पाठवू नका, तिथं फाइल दाबून लहान केली जाते आणि हॅश बदलतो. पेन ड्राइव्हच द्या. तज्ज्ञाच्या भागावर कोण सही करणार, हे शूटिंगच्या आधीच वकिलांशी ठरवून घ्या, कारण ऐन तारखेच्या दिवशी त्याची शोधाशोध होते.

कोर्टासाठीची फिल्म पंधरा-वीस मिनिटांपेक्षा लांब नको. लोकअदालतीत तडजोडीला बसायचं असेल तर तीन-चार मिनिटांची आवृत्ती वेगळी करा. तिथं विमा कंपनीचे अधिकारी एकामागून एक प्रकरणं हातावेगळी करत असतात, वीस मिनिटं कोणी देत नाही. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. त्यामुळे आकडा ठरण्याआधी समोरच्यानं ती चार मिनिटं पाहिलेली असणं फार मोलाचं आहे. दोन्ही आवृत्त्या त्याच कच्च्या चित्रीकरणातून आणि कुठला तुकडा कितव्या मिनिटाचा याची यादी सोबत. पूर्ण कच्चं चित्रीकरण मागितलं तर देण्याची तयारी ठेवा.

पैसे कसे घ्यायचे

क्लेमच्या रकमेत टक्का मागू नका, कोणी देऊ केला तरी घेऊ नका. उलटतपासणीत ‘भरपाई वाढली की तुमचे पैसे वाढतात ना?’ हा एकच प्रश्न तुमची सगळी मेहनत बुडवतो. वकिलांनाही बार कौन्सिलच्या नियमांनी निकालावर अवलंबून फी ठरवायला आणि वकील नसलेल्याशी फी वाटून घ्यायला मनाई आहे. घाटीच्या आवारात जखमींच्या नातेवाइकांना गाठून कामं मिळवणाऱ्यांच्या रांगेतही जाऊन बसू नका. काम वकिलांकडूनच यावं.

ठरावीक फी, टप्प्याटप्प्यानं: प्रत्येक भेटीची वेगळी, एडिटिंगची वेगळी, प्रती आणि प्रमाणपत्राची वेगळी. कोर्टात साक्षीला येण्याची फीसुद्धा आधीच लेखी ठरवा. नवे लोक हेच विसरतात. तुम्हाला शपथपत्र द्यावं लागेल, उभं राहावं लागेल आणि तारखा पडतात. पाटोद्याहून किंवा किनवटहून तीनदा येऊन परत जावं लागलं तर तो खर्च कोणी सोसायचा, हे कागदावर असू द्या. साक्षीची फी हजेरीची असते, साक्षीत काय बोलाल याची नाही, हेही त्यात लिहा. विमा कंपनीनं काम दिलं तर जरूर घ्या, फक्त एकाच प्रकरणात दोन्हीकडून नको.

खर्च फार नाही. चांगला ट्रायपॉड, कमी उजेडात चालणारा कॅमेरा, कार्डं, दोन हार्ड डिस्क. ड्रोन आणि गिंबल घरी राहू द्या. भेटींचं वेळापत्रक मात्र हंगामाप्रमाणे लावा. ऊसतोडीची कुटुंबं दिवाळीनंतर गावात नसतात आणि जखमी माणूस मागं म्हाताऱ्या आईजवळ असतो. त्या काळात त्याला कोण उचलतं, कोण भरवतं, ही भेट चुकवू नये.

साक्षीत बहुधा असेच प्रश्न येतात: शूटिंगच्या वेळी खोलीत कोण होतं, एखादी हालचाल पुन्हा करायला सांगितली का, काय काय कापलं, पैसे कोणी दिले. याची उत्तरं आठवणीवर सोडू नका. प्रत्येक भेटीची नोंद त्याच दिवशी एका वहीत करा: वेळ, हजर माणसं, किती फाइली, कुठली रद्द झाली आणि का. न्यायाधिकरणाच्या निवाड्यावर उच्च न्यायालयात अपील होऊ शकतं आणि तिथं वर्षं जातात. म्हणून निवाडा झाला म्हणून कार्ड रिकामं करू नका. अपिलाची मुदत संपल्याचं किंवा अपील निकाली निघाल्याचं वकिलांकडून लेखी घ्या, मगच मूळ कार्ड त्या कुटुंबाच्या हवाली करून पोच घ्या आणि आपल्याकडच्या प्रती पुसून टाका.